गोळीनं न पडलेला राक्षस

तो सिनेमा मी आजवर अकरा वेळा बघितला आहे आणि अकराही वेळा मला तो भिकार वाटला. मागच्या रविवारी दुपारी तर टीव्हीसमोर बसून मी इतक्या शिव्या घातल्या, की नवरा स्वयंपाकघरातून हाताला पीठ तसंच ठेवून बाहेर आला. एवढा डोक्यात जातो तर बंद का करत नाहीस, म्हणाला. मी म्हटलं, थांबा, अजून ते यायचंय. ते म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. तो मुकाट्यानं भाकरी परतायला गेला.

सिनेमाची गोष्ट चार ओळींत संपते. मुंबईत दोन टोळ्या. एकीचा दादा पांढरे कपडे घालतो, दुसरीचा काळे, म्हणजे आपला गोंधळ व्हायला नको. पांढऱ्याचा माणूस काळ्याच्या बहिणीच्या प्रेमात पडतो. मग गोदामात गोळीबार, बंदरात गोळीबार, लग्नाच्या मांडवात गोळीबार. कुणाच्याही पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत आणि नायकाला एकही लागत नाही. बाकीचे मरतात तेही लवकर मरत नाहीत, आधी भाषण करतात. दोन टोळ्यांमधले दोघं सख्खे भाऊ आहेत हे मध्यंतरानंतर उघड होतं, आणि आपल्याला ते पोस्टर बघूनच कळलेलं असतं. भीती कुठे वाटत नाही, उत्सुकता कुठे वाटत नाही, फक्त कान किटतात. असा सगळा धुरळा उडवून झाला की उरलेसुरले सगळे जीव वाचवायला डोंगरात पळतात. तो डोंगर आमचा.

मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. तेव्हा मी डी.एड. करून जव्हारच्या बाजूला एका शाळेत नुकतीच लागले होते. घरात नोकरी लागलेली पहिली मीच. वडील लवकर गेले. मला शिकवलं ते धाकट्या काकांनी, माझ्या वडिलांच्या भावानं. आश्रमशाळेत घालायला त्यांनीच मला नेलं, नाला भरून वाहत होता म्हणून खांद्यावर बसवून. आमच्याकडे काकालाही अरे-तुरेच करतात. मी शिकले तशी त्यांना अहो-जाहो करायला लागले. ते त्यांना कधी रुचलं नाही, पण बोलले नाहीत.

आमच्या भागात कॅमेरे त्याआधी एकदा आले होते, वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा. त्या वेळी त्यांना आमच्या फासळ्या हव्या होत्या. या वेळी आले त्यांना पिसं हवी होती. भात झोडून झालं होतं, खळी मोकळी होती, आणि एक दिवस तीन गाड्या भरून सिनेमावाले उतरले. त्यांनी आमच्या बायकांच्या डोक्यात कोंबड्याची पिसं खोवली, गड्यांच्या गालांवर चुन्याचे पट्टे ओढले. आमच्यात आजवर कुणी डोक्यात पीस खोवलेलं नाही. पण कुणाला राग आला नाही, सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. रागवायला मी एकटी पुरेशी होते, आणि मीच नेमकी त्या दिवशी रागवले नाही.

त्याचं कारण सांगताना आजही लाज वाटते. त्यांच्यात हातात वही घेऊन फिरणारा एक सहायक दिग्दर्शक होता. त्यानं मला पहिल्याच भेटीत ‘मॅडम’ म्हटलं आणि मी पाघळले. गावात हिंदी धड बोलणारी मीच. मॅडम, इनको बोलिए ना. मॅडम, जरा इधर. दोन दिवस मी रजा टाकून त्या माणसाच्या मागे कर्णा घेऊन हिंडले.

त्यांना सिनेमात आमचा बोहाडा हवा होता. बोहाडा हा आमच्या गावाचा वर्षाचा उत्सव. उन्हाळ्याच्या तोंडाला देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, मोठाले मुखवटे घालून, संबळाच्या तालावर. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते पिढ्यांचं ठरलेलं असतं. राक्षसाचं सोंग आमच्या घरचं. आजोबांनंतर ते काकांकडे आलं. सगळ्यात शेवटी, उजाडता उजाडता देवीचं सोंग येतं, राक्षस तिच्याशी झुंजतो, आणि तिची तलवार टेकली की पडतो. वर्षातून एकदा पडायचं आणि तेही फक्त देवीपुढे. दुसऱ्या कुणापुढे तो गुडघासुद्धा टेकत नाही. एवढ्यासाठी काका महिनाभर आधी दारू सोडायचे, पायात चप्पल घालायचे नाहीत. एरवी वरईच्या शेतात वाकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तो माणूस. पण त्या एका पहाटे अख्खं गाव त्यांना वाट करून द्यायचं. त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

देवळावर नवे पत्रे घालून देतो, असं सिनेमावाले म्हणाले. भगतानं कौल लावला आणि मुखवटे अवेळी माळ्यावरून खाली काढायला परवानगी दिली. पत्रे आजतागायत आलेले नाहीत.

खरं तर त्यांनी मुंबईहून थर्माकोलचा एक मुखवटा आणला होता. काकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “ह्याला रेड्याची शिंगा कठं हाईत? ह्यो तं बैल.” सहायक हसला. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, हा कसला बघता, आमचा खरा बघा. मला त्या माणसाला दाखवायचं होतं, की आमच्याकडेही काहीतरी आहे. काकांना ते आवडलं. त्यांनी खरा मुखवटा आणला, त्याला हळदकुंकू लावलं, पाया पडून डोक्यावर चढवला. तो थर्माकोलचा बैल घालून ते शंभर वेळा पडले असते तरी गावात कुणी हूं की चूं केलं नसतं.

आता प्रसंग ऐका. काळ्या टोळीचा गुंड पळत पळत जत्रेत घुसतो. त्याच्या वाटेत राक्षस नाचत येतो. गुंड गोळी झाडतो, राक्षस कोसळतो, लोक सैरावैरा धावतात. कशासाठी, तर गुंड किती निर्दय आहे ते आपल्याला कळावं म्हणून. त्याआधी त्यानं तीसचाळीस माणसं मारली होती, ती बहुधा पुरेशी नव्हती.

संबळ सुरू झाला. काका नाचत आले. धाडकन आवाज झाला, धूर निघाला. काका नाचतच राहिले.

“कट! चाचा, गिरना है! गिरना!”

मी पुढे होऊन सांगितलं, गोळी लागली की पडायचंय. मुखवट्याच्या आतून काका म्हणाले, “गोळीनं तो नाय पडत.” मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा धाडकन झालं, काका जागच्या जागी गर्रकन फिरले आणि गुंडाच्या अंगावर चालून गेले. तो नट घाबरून मागे सरला आणि गावातली सगळी माणसं खदखदून हसली. तिसऱ्यांदा काका नुसते उभे राहिले. हात पसरून, छाती काढून, न हलता.

ऊन कलायला लागलं होतं. दिग्दर्शक खुर्ची लाथाडून उठला. लाइट जा रही है, म्हणून ओरडला. मग माझ्या देखत, मी तिथे नाहीच असं समजून, बरोबरच्या माणसाला म्हणाला, जंगली लोग हैं, इनको मरना भी सिखाना पडता है. सहायक माझ्याजवळ आला. “मॅडम, आप तो पढी-लिखी हो. आप समझाइए.”

त्या दिग्दर्शकाच्या थोबाडीत मारायला हवी होती. मनातल्या मनात मी ती आजवर हजारदा मारली आहे. प्रत्यक्षात मला राग आला तो काकांचा. ह्यांच्या अडाणीपणामुळे माझी शोभा होतेय, असं वाटलं. मी तरातरा त्यांच्याजवळ गेले, आणि कित्येक वर्षांनी तोंडातून लहानपणचं ‘तू’ निघालं.

“काका, पड ना एकदा. सगळं खोटंच तर आहे.”

“देवी कठं हाय?”

“देवी नाही इथे. सिनेमा आहे हा. पड म्हणते ना मी.”

मुखवट्याच्या भोकांतून त्यांचे डोळे दिसत होते.

“तू सांगतेस?”

“हो, मी सांगते.”

“मंग पडतो.”

पुढच्या वेळी आवाज झाला आणि काका पडले. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कुशीवर. पडतानाही एक हात त्यांनी मुखवट्याखाली धरला होता, मातीला लागू नये म्हणून. टाळ्या झाल्या त्या सिनेमावाल्यांच्या. आमच्या माणसांत कुणी हललं नाही. गावातले संबळ वाजवणारे आजोबा, आमच्या बोहाड्यातले सगळ्यात जुने, त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी गळ्यातला संबळ काढला, खांद्याला अडकवला आणि घराकडे चालायला लागले.

सहायक मला थँक्यू मॅडम म्हणाला. मी हसले.

उन्हाळ्याच्या तोंडाला, बोहाड्याआधी गावाची बैठक बसते. सकाळीच, देवळापुढे. गडी पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. त्या वर्षी मी मुद्दाम गेले होते. इतर सोंगांचं ठरायला वेळ लागला नाही. राक्षसाची पाळी आली तेव्हा संबळवाले आजोबा उठले आणि त्यांनी काकांना विचारलं, “तुला पड कुणी सांगला?”

काका म्हणाले, “कुणी नाय.”

त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं. काकांनी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारताना आजोबा काकांकडे बघत नव्हते. ते बायकांच्या बाजूला बघत होते. मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. शिकली-सवरली पोर, घरचं सोंग घालवून बसली, असं लोक म्हणतील याची मला भीती वाटली. बदली, बढती, साहेब यांच्यापुढे मी कधी घाबरले नाही, तिथे घाबरले.

“कुणी नाय,” काका म्हणाले. “मीच पडलो.”

सोंग दुसऱ्या घरी गेलं. काकांनी मुखवटा स्वतः नेऊन दिला. बोहाड्याच्या पहाटे ते गर्दीत मागे उभे होते, पायात चप्पल घालून.

सिनेमा यायला आणखी दीड वर्ष लागलं. जव्हारला तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओगृह होतं. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला मी काकांना घेऊन गेले. ते आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा बघत होते आणि पहिलाच हा बघावा लागला, हे त्यांचं नशीब. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बाकड्यावर मांडी घालून बसले. माणसं मरायला लागली तसे ते अस्वस्थ झाले. चौथा की पाचवा मेला तेव्हा मला विचारलं, “ह्यांना जाळतात कवा?” मी म्हटलं, जाळत नाहीत, पुढचा मरतो. पंख्याची घरघर, बिडीचा धूर, वर तापलेले पत्रे, आणि पडद्यावर ते दोन भाऊ गळ्यात गळे घालून रडत होते. दोघांच्या रडण्यात पैशाचा जीव नव्हता.

मग आमचा डोंगर आला. आमची खळी आली, पिसं खोवलेल्या आमच्या बायका आल्या. शेडमध्ये हशा झाला. काळा गुंड धावत आला. संबळाचा आवाज काढून टाकला होता, त्या जागी कसलीतरी ढणढण भरली होती. काका बाकड्यावर पुढे सरकले.

धाडकन गोळी सुटली. राक्षस उभा होता. हात पसरून, छाती काढून, न हलता. गुंडानं त्याच्याकडे बघितलं आणि बाजूनं पळून गेला. मग नायक आला, मोटारसायकल आली, धबधबा आला. संपलं.

तिसऱ्या वेळचं होतं ते. कुणाला तरी तेच आवडलं असणार, किंवा कुणी बघितलंच नसणार. ज्या पडण्यासाठी दिग्दर्शकानं खुर्ची लाथाडली, ते त्यांनी कापून टाकून दिलं होतं. पूर्ण सिनेमात ते कुठेच नव्हतं. मला वाटलं आता खुर्चीच काय, सबंध शेड लाथाडावी.

काकांनी माझ्या हाताला धरलं. “उभा हाय मी,” म्हणाले. “बघितलास? उभा हाय.” त्यांचा आवाज इतका आनंदी होता की पुढच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. उरलेला अर्धा तास ते पडद्याकडे बघत होते, पण त्यांना काही दिसत नसावं. दोन्ही टोळ्या एकमेकांना संपवून संपल्या तेव्हा ते उठले सगळ्यांच्या शेवटी.

एसटी स्टँडवर मोखाड्याची गाडी लागायची होती. मी भजी घेतली. काकांनी एक खाल्लं, बाकीची कागदात गुंडाळून ठेवली. मग त्यांनी मला विचारलं. रागानं नाही, लहान मूल शाळेत शंका विचारतं तसं.

“मंग मना पाडला कशाला?”

गाडी आली, आम्ही बसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या बैठकीला मी पुन्हा गेले. राक्षसाच्या सोंगाची पाळी येईपर्यंत थांबले आणि उठून उभी राहिले. म्हटलं, काका पडले ते माझ्यामुळे. पड म्हणून मी सांगितलं होतं. आणि ते पडलेलं सिनेमात नाहीसुद्धा. सिनेमात ते उभे आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय, हवं तर जव्हारला येऊन बघा.

कुणी चकित झालं नाही. संबळवाले आजोबा म्हणाले, “तू सांगला ते आमाला ठाव हाय. आमी तठंच होतो ना.” मग त्यांनी मला समजावलं, मी माझ्या वर्गातल्या मुलांना समजावते तसं, एकेक शब्द सुटा करून. सोंगाला कुणी चुकीचं करायला लावलं, तर नाचणाऱ्याचा दोष नसतो. लावणाऱ्यानं बैठकीत उठून कबूल व्हायचं, मुखवट्यापुढे एक नारळ ठेवायचा, की सोंग पुन्हा उभं राहिलं. म्हणून तर सोंग गेलं त्या साली तीनदा विचारायचं असतं तसं तीनदा विचारलं होतं.

मी म्हटलं, मग आता ठेवते नारळ.

“आता कसा?” आजोबा म्हणाले. “आता दुसऱ्या घरच्यानं देवीसंगं झुंज घेतली. सोंग तठं बसला. उठवता येत नाय.”

परतताना मी काकांच्या मागून चालत होते. नाल्याशी आल्यावर विचारलं, “तुला ठाऊक होतं, नारळाचं?”

“होता.”

“मग मला सांगितलं का नाहीस? मी उठले असते.”

“तू उठली नाय,” काका म्हणाले. मग चप्पल काढून हातात घेतली, नाल्यात पाय घातला आणि मागे न बघता म्हणाले, “तू मास्तरीण. तुला मी कसा सांगू, सगळ्यांपुढं मान खाली घाल म्हणून?”

काका गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. सिनेमा मात्र मरत नाही. कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर दुपारचा लागतोच. पांढरा दादा, काळा दादा, गोदाम, बंदर, मांडव, सगळं पहिल्यापासून. मी रिमोट हातात धरून शिव्या घालत बसते. मग आमचं खळं येतं, गुंड धावत येतो, पिस्तूल उचलतो. नवरा आतून आवाज बारीक कर म्हणून सांगतो. मी आवाज बारीक करते, आणि दर वेळी टीव्हीला सांगते, काका, पडू नको.